साय-फाय आणि फँटसी वाचायला सुरुवात कशी करायची: लोकलमध्ये वाचणाऱ्या मोठ्या माणसांसाठी

आमच्या सकाळच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात एक मावशी आहेत, बँकेतून रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीयेत, ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गेल्या पावसाळ्यात माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाल्या, "काय गं, हे रॉकेट-बिकेट काय वाचतेस, पोरांचं असतं ना ते?" त्या दिवशी गाडी कुर्ल्याच्या अलीकडे पाऊण तास अडकली होती, बोलायला वेळच वेळ होता, म्हणून मी त्यांना एक गोष्ट सांगितली, दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वाचायला मागून घेतली आणि आता त्याच मला विचारतात की हे वाचलंस का, ते वाचलंस का. मावशींबरोबर जे जे करून बघितलं आणि जमलं ते खाली लिहितेय, म्हणजे तुम्ही तिशी-चाळिशी-साठीत पहिल्यांदा इकडे वळत असाल तर वाट चुकायला नको.

एक गोष्ट आधीच सांगते. साय-फाय म्हणजे विज्ञानकथा, फँटसी म्हणजे अद्भुतकथा, आणि हे वाचायला विज्ञान यावं लागत नाही. लागते ती एकच सवय, सुरुवातीची काही पानं नीट न कळताही पुढे जात राहायची. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय कारण नव्वद टक्के लोक तिथेच पुस्तक मिटतात असं मला वाटतं.

पहिली पायरी: कादंबरी नको, एक कथा घ्या

पहिल्याच फटक्यात सहाशे पानांचा ठोकळा घेऊ नका. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा शोधा, मुंबईत राहणाऱ्या मराठी वाचकाला याच्याइतकं चांगलं दार नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात, गाडीचं नाव जिजामाता एक्सप्रेस, आणि मुंबई येईपर्यंत त्यांच्या लक्षात येतं की ही आपली मुंबई नाहीच. इथे १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकलेत, आणि व्हीटीच्या बाहेर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय अजून दिमाखात उभं आहे. आता पंत पडले इतिहासाचे माणूस, ते घाबरून सैरावैरा पळत नाहीत, सरळ टाउन हॉलला एशियाटिकच्या लायब्ररीत जातात आणि इतिहासाचे खंड मागवून वाचत बसतात, नेमकं कुठे वळण बदललं ते शोधायला. सापडतं काय, तर विश्वासरावांना लागलेली ती गोळी इथे कानाजवळून निघून गेलेली असते. तीळभर अंतर, बस.

हे सांगितल्यावर मावशी जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "आणि सदाशिवराव भाऊ? त्यांचं काय होतं?" मी म्हटलं वाचा. म्हणजे बघा, रॉकेट नाही, परग्रह नाही, 'असं झालं असतं तर' हा एकच प्रश्न, आणि पानिपतावर जीव असलेल्या माणसाला तो कुठल्या कुठे घेऊन जातो. वाचून झालं की एखाद्या शनिवारी सीएसएमटीला उतरून टाउन हॉलपर्यंत चालत जा, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे, आणि त्या उंच पायऱ्यांवर दहा मिनिटं बसा. आम्ही दोघी गेलो होतो. फोर्टमधल्या रोजच्या बिल्डिंगी त्या दिवशी वेगळ्याच दिसल्या, प्रत्येक पाटीकडे बघून मावशी म्हणत होत्या, ही तिकडे नसती गं.

त्यानंतर नारळीकरांचीच 'हिमप्रलय' वाचा, त्यात मुंबईवर बर्फ पडतो, आणि मे महिन्यात दुपारी दोनच्या लोकलमध्ये ती वाचणं हा वेगळाच अनुभव आहे. नारळीकर या प्रांतात कसे आले ते पण छान आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती टोपणनावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं, आणि पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा ते आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ आपलं नाव लपवून स्पर्धेत उतरतो, का, तर कथा कथा म्हणूनच जोखली जावी. मला याचा फार आदर वाटतो.

दुसरी पायरी: तुम्हाला आधीपासून काय आवडतं ते बघून निवडा

लोक नेटवर 'सर्वोत्तम शंभर' असली यादी काढतात आणि वरून सुरुवात करतात, तसं करू नका. त्या याद्या मुरलेल्या वाचकांनी केलेल्या असतात. तुम्ही आत्ता काय आवडीने वाचता तिथून वाट काढा.

डिटेक्टिव्ह कथा आवडत असतील तर आयझॅक असिमोव्हची 'द केव्ह्ज ऑफ स्टील', १९५४ ची. खून झालाय, तपास करणारा माणूस आहे आणि त्याला जोडीदार म्हणून दिलाय हुबेहूब माणसासारखा दिसणारा रोबो. रहस्य चांगलंच आहे, पण मी हे पुस्तक मुंबईकरांना का देते ते सांगते. यातलं न्यूयॉर्क पूर्ण बंदिस्त आहे, माणसं दाटीवाटीने राहतात, जेवण सामाईक भोजनगृहात, संडास-बाथरूम सामाईक, घरात चालू नळाचं वॉशबेसिन असणं हा मान, आणि तो तुमच्या हुद्द्याप्रमाणे मिळणार. सरकत्या रस्त्यांवर बसायला जागा मिळते की उभं राहायचं हे सुद्धा हुद्द्यावर. चाळीत लहानपण गेलेल्या आणि अठरा वर्षं उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला हे समजवून द्यावं लागत नाही. मावशी गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या, त्या वॉशबेसिनच्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे मोरी घरात आली तेव्हा आई अख्ख्या मजल्याला दाखवत होती." हे पुस्तक लिहिणारा माणूस मुंबईला कधी आला नसेल तरी गर्दीत जागेची किंमत काय असते ते त्याला बरोबर कळलेलं आहे.

इंजिनियर असाल, हाताने काहीतरी खटपट करायची आवड असेल तर अँडी वीअरचं 'द मार्शियन'. मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे पिकवून कसा तग धरतो एवढंच कथानक, पण एकेक अडचण आणि तिच्यावरचा जुगाड वाचताना ठाणं कधी गेलं कळत नाही. लेखकाने हे आधी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरण-प्रकरण करून टाकलं होतं, मोठ्या प्रकाशकाकडून छापील पुस्तक २०१४ ला आलं. भाषा सोपी, वाक्यं छोटी, इंग्रजी वाचायची सवय सुटली असेल तर हेच घ्या.

भव्य काहीतरी, अंगावर काटा आणणारं हवं असेल तर आर्थर क्लार्कचं 'राँदेव्हू विथ रामा', १९७३. सूर्यमालेत एक पोकळ नळकांडं येतं, जवळपास पन्नास किलोमीटर लांब, म्हणजे सीएसएमटी ते कल्याण एवढं धरा, आणि माणसं त्याच्या आत उतरतात. आतल्या भिंतीवर चहूबाजूंनी जमीन आहे, मध्ये एक समुद्र कड्यासारखा फिरलाय, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून मान वर केली की डोक्यावर पण समुद्रच, आणि तो पडत नाही. मी हे पान वाचून पुस्तक मांडीवर ठेवलं आणि खिडकीतून मुंब्र्याची खाडी बघत बसले, ती गोल वर वळत गेली तर कशी दिसेल म्हणून.

सामाजिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी काझुओ इशिगुरोचं 'नेव्हर लेट मी गो' घ्यावं, २००५. यातलं कथानक मी एक अक्षर सांगणार नाही आणि तुम्ही पण मागचं कव्हर वाचू नका. इतिहास आणि साथीचे रोग यात रस असेल तर अमिताव घोष यांचं 'द कलकत्ता क्रोमोसोम', मलेरियावर संशोधन करणाऱ्या रोनाल्ड रॉसच्या कामाभोवती विणलेलं, त्याला १९९७ चं आर्थर सी. क्लार्क पारितोषिक मिळालं. हवामान बदलाची काळजी वाटत असेल तर किम स्टॅन्ली रॉबिन्सनचं 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर', पण जपून, पहिलंच प्रकरण उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेचं आहे आणि ते फार जड जातं, मन हलकं असेल त्या दिवशीच उघडा.

फँटसीचं नाव काढलं की राक्षस, तलवारी आणि परीकथा एवढंच डोळ्यासमोर येतं, पण आपल्या खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो, आणि ते आपण किती गंभीरपणे वाचतो. अशक्य गोष्ट एकदा मान्य करायची आणि मग माणसं त्यात कशी वागतात ते बघायचं, फँटसी म्हणजे तेवढंच. सुरुवातीला सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी' वाचा, २०२० चं, बारीकसं आहे. एक माणूस न संपणाऱ्या घरात राहतो, दालनांमागून दालनं, सगळीकडे पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र, आणि हा माणूस वहीत भरती-ओहोटीचा हिशोब ठेवतो कारण चुकला तर बुडेल. आपण जुलैमध्ये भरतीची वेळ बघून घरून निघतो ना, तसं. हसायचं असेल तर टेरी प्रॅचेटचं 'गार्ड्स! गार्ड्स!' घ्या. मुंबईतलंच काही हवं असेल तर ताशन मेहतांचं 'द लायर्स वीव्ह', जुन्या मुंबईतलं पारशी कुटुंब आणि पत्रिकेत भविष्यच नसलेला मुलगा.

तिसरी पायरी: पहिली पन्नास पानं

आता ती सवय. मुंबईत नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहतो तेव्हा त्याला काय कळतं? इंडिकेटरवर 'एन' म्हणजे कसारा आणि 'एस' म्हणजे कर्जत, आणि पुढचा 'एस' असेल तर तो स्लो. 'कुठे उतरणार' हा प्रश्न चौकशीचा नसून तुमची सीट बुक करायचा आहे हे त्याला कोणी सांगत नाही. चौथी सीट म्हणजे काय, दिव्याला दारात का उभं राहायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नसतं. महिन्याभरात सगळं अंगात भिनतं.

चांगलं साय-फाय पुस्तक तुम्हाला असंच अनोळखी स्टेशनवर उतरवतं. समोरची पात्रं तिथेच जन्मलेली असतात, त्यांना सगळं माहीत असतं, ती तुमच्यासाठी थांबून व्याख्या देत नाहीत. उर्सुला ल ग्विनचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' हे १९६९ चं पुस्तक घ्या, माझ्या मते या अख्ख्या प्रांतातलं सगळ्यात सुंदर. सुरुवातीलाच एका बर्फाळ ग्रहावर पावसात मिरवणूक चाललीये, राजा स्वतः कमानीचा शेवटचा दगड बसवतोय, आणि त्या दगडाचा चुना लालसर आहे, का, तर पूर्वी त्यात माणसाचं रक्त कालवायचे. हे कोण, कुठले, काही पत्ता लागत नाही. मग एक शब्द येतो, शिफग्रेथॉर. अर्थ दिलेला नाही. चार पानांनी परत येतो. मावशींनी इथे मला फोन केला, "डिक्शनरीत नाहीये गं." मी म्हटलं पुढे जा. शंभरेक पानांनी त्यांचा परत फोन, "अगं, हा मानपान आहे! आमच्या धाकट्या दिरांच्या लग्नात व्याह्यांनी केलं ना तेच, तोंडाने कोणी काही बोलत नाही पण सगळं त्यावरच चाललंय."

बरोबर पकडलं त्यांनी. इंग्रजी वाचकाला तो शब्द परका वाटत असेल, आपल्याला तर त्यासाठी तयार शब्द आहे. याच पुस्तकातली माणसं बहुतेक काळ ना पुरुष असतात ना बाई, आणि पृथ्वीवरून गेलेल्या दूताला प्रत्येकाकडे बघून आधी 'हा की ही' ठरवायची खोड आहे. ती खोड हळूहळू कशी मोडते ते बघत वाचा, आणि बर्फावरून दोघांचा जो लांबचा प्रवास आहे तिथे घाई करू नका, घरी शांत बसून वाचा.

तर करायचं काय:

- अनोळखी शब्द आला की थांबू नका, पेन्सिलने बारीक खूण करा आणि चला. तीनदा आला की अर्थ आपोआप लागतो.
- नावं लांबलचक असतील तर शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा, नाव आणि कोणाचा कोण, एवढंच.
- पन्नास पानं एक-दोन बैठकीत वाचा. रोज विक्रोळी ते घाटकोपर असं पाच-पाच पानं वाचलंत तर कुठलंच जग उभं राहणार नाही.
- पन्नास पानांनंतर पण कोणाचं काय होणार याची काळजी वाटली नाही तर बंद करा, दुसरं घ्या.

मराठीत कादंबऱ्या

नारळीकरांची 'वामन परत न आला' आधी, खोदकामात आपल्या आधीच्या प्रगत संस्कृतीची खूण सापडते आणि तिच्यातल्या माहितीवरून एक बुद्धिमान यंत्रमानव बनवला जातो. आज सगळीकडे एआय-एआय चाललंय त्या दिवसांत हे वाचताना जास्तच लागतं. मग 'प्रेषित' आणि 'व्हायरस'. अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांची 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी आहे, ती पण शोधा. भीतीची आवड असेल तर नारायण धारप, 'लुचाई' रात्री एकट्याने वाचू नका, मूळ कल्पना स्टीफन किंगची आहे पण वातावरण धारपांचं, एकदम आपल्या गावाकडचं. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे यांच्या कथा मिळतील तिथे घ्या. टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' इंग्रजीत जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांनी केलेलं मराठी भाषांतर आहे, 'स्वामी मुद्रिकांचा'.

पुस्तक मिळवायचं कुठून

मराठीसाठी आधी लायब्ररी. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय त्याहून जुनं, १८९३ चं, आणि पार्ल्याला लोकमान्य सेवा संघ. जुन्या विज्ञानकथा छापून संपलेल्या असतात, दुकानात मिळत नाहीत आणि इथे कपाटात सापडतात. नवीन घ्यायचं तर दादर पश्चिमेला मॅजेस्टिक किंवा आयडियल, इंग्रजीसाठी फोर्टला किताबखाना.

जुन्या इंग्रजी पुस्तकांसाठी फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे फुटपाथ. तिथे मात्र डोळे उघडे ठेवून. मी एकदा एका फुटपाथवरून फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' ही वाळवंटी ग्रहावरची कादंबरी घेतली, कव्हर चकाचक, किंमत निम्मी, आणि ऐन वाळवंटातल्या प्रसंगात सोळा पानं परत तीच आली आणि पुढची सोळा गायब. एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, दोनदा शिवलेला आणि दुसरा लावलाच नव्हता. पायरेटेड प्रत होती ती. तेव्हापासून उभ्याउभ्या तीन गोष्टी बघते: कागदातून मागच्या बाजूची अक्षरं दिसतात का, मधली पन्नासेक पानं क्रमाने आहेत का, आणि हा मालिकेतला कितवा भाग आहे. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण फुटपाथवर नेमका दुसरा किंवा तिसरा भागच मिळतो आणि तिथून सुरू केलेला माणूस म्हणतो हे सगळं डोक्यावरून जातं.

शेवटची पायरी: मालिका

पाच-सहा सुटी पुस्तकं झाल्याशिवाय मालिकेला हात लावू नका. मग 'ड्यून', १९६५, दरबारी राजकारण आवडणाऱ्यांना पेशवाईतलं कारस्थान वाचल्यासारखं वाटेल. पहिला भाग स्वतंत्रपणे संपतो, तिथे थांबलात तरी चालतं. 'रामा'चे पुढचे भाग आहेत ते माझ्या मते सोडून द्या, पहिल्या पुस्तकातलं गूढ तसंच राहू द्या. लिऊ त्सिशिनचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' तीन भागांत आहे, सुरुवात चीनच्या सांस्कृतिक क्रांतीपासून होते, आणि २०१५ चं ह्यूगो पारितोषिक त्याच्या पहिल्या भागाला मिळालं. मधली काही पानं भौतिकशास्त्राची आहेत, ती भरभर वाचून पुढे गेलात तरी काही बिघडत नाही. जॉर्ज मार्टिनची 'गेम ऑफ थ्रोन्स'वाली मालिका मोठ्यांसाठीच आहे, हिंसा आणि बाकी सगळंच उघड, घरातल्या शाळकरी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आणि पाचवा भाग २०११ ला आल्यापासून पुढचा आलेला नाही हे माहीत असू दे. वाट बघणं सहन होत नसेल तर टेरी प्रॅचेटकडे जा, त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेच्या एक्केचाळीस कादंबऱ्या पूर्ण आहेत आणि बहुतेक कुठूनही सुरू करता येतात. मावशींनी सातवी संपवलीये, आठवी सध्या माझ्याकडे आहे आणि त्या रोज ठाणं आलं की विचारतात कितव्या पानावर आलीस.